पक्षांतर : कायदा काय सांगतो आणि मतदाराने काय तपासावे

निवडणूक जवळ आली की मोहल्ल्यात एक प्रश्न हमखास ऐकू येतो : "हा साहेब सध्या कोणत्या पक्षात आहे?" लोक हसतात आणि विषय बदलतो. पण मत ही आपण पाच वर्षांसाठी दिलेली अमानत असते. ती दुसऱ्याच्या हाती परस्पर गेली तर हसून कसे चालेल? म्हणून पक्षांतराचा कायदा आणि नेत्याचा भरवसा कसा तपासायचा, याची माहिती आम्ही इथे एकत्र देत आहोत.

'आयाराम गयाराम' कुठून आले?

१९६७ साली हरियाणात गयालाल नावाचे आमदार अपक्ष म्हणून निवडून आले आणि पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलून बसले. त्यावरून हा शब्द देशभर रूढ झाला. पुढे १९८५ मध्ये राजीव गांधी पंतप्रधान असताना ५२वी घटनादुरुस्ती झाली आणि संविधानात दहावे परिशिष्ट आले. यालाच आपण पक्षांतरबंदी कायदा म्हणतो.

कायद्यात काय आहे?

- आमदार किंवा खासदाराने स्वतःहून पक्ष सोडला, तर सदस्यत्व जाऊ शकते.
- पक्षाचा व्हीप मोडून मतदान केले किंवा गैरहजर राहिला, तरीही जाऊ शकते.
- अपक्ष निवडून येऊन नंतर पक्षात गेला, तर तोही अपात्र ठरतो.
- निर्णय सभागृहाचे अध्यक्ष देतात. त्यांना कायद्यात मुदत घातलेली नाही. साधारणपणे तीन महिन्यांत निर्णय व्हावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मणिपूरच्या प्रकरणात म्हटले.

सुरुवातीला एक तृतीयांश आमदार फुटले तर ती 'फूट' मानून माफ होत असे. २००३ च्या ९१व्या घटनादुरुस्तीने ही सवलत काढली. मात्र 'विलीनीकरणा'ची सवलत राहिली. पक्ष दुसऱ्या पक्षात विलीन झाला आणि दोन तृतीयांश आमदारांनी ते मान्य केले, तर कुणी अपात्र होत नाही. थोडक्यात, एकटा गेला तर गुन्हेगार, घोळका करून गेला तर सुरक्षित!

गोव्याचे गणित

जुलै २०१९ मध्ये गोव्यात काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदारांनी भाजपमध्ये प्रवेश केला. पंधराचे दोन तृतीयांश म्हणजे बरोबर दहा. विरोधी पक्षनेते चंद्रकांत कवळेकर त्यांच्यात होते. ते लगेच उपमुख्यमंत्री झाले.

हा अनुभव गाठीशी असल्याने जानेवारी २०२२ मध्ये काँग्रेसने आपल्या उमेदवारांना पणजीचे महालक्ष्मी मंदिर, बांबोळीचा क्रॉस आणि बेती येथील दर्गा अशा तिन्ही ठिकाणी नेले. निवडून आल्यावर पक्ष सोडणार नाही, अशी शपथ तिथे घेतली गेली. निवडणुकीत काँग्रेसचे ११ आमदार आले. सप्टेंबर २०२२ मध्ये त्यातले ८ भाजपमध्ये गेले. अकराचे दोन तृतीयांश होतात सात पूर्णांक एक तृतीयांश, म्हणजे किमान आठ हवेत. आठच गेले! अपूर्णांकाचे इतके चोख उदाहरण आम्हाला वर्गातही सापडले नसते.

हा किस्सा सांगितला तेव्हा एका मुलीने विचारले, "सर, मग शपथ कशाला घेतली?" आम्ही तिला एवढेच सांगितले की शपथेने माणूस बांधला जातो, पण त्याला बांधून घ्यायचे असेल तरच. मंदिर, क्रॉस आणि दर्गा या तिन्हींचा मान राजकारणात असा खर्च होतो, याचे वाईट वाटते.

महाराष्ट्रात काय झाले?

२०२२ मध्ये शिवसेनेत आणि २०२३ मध्ये राष्ट्रवादीत फूट पडली. इथे विलीनीकरण न होता 'खरा पक्ष आमचाच' असा दावा झाला. ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिवसेनेच्या आमदारांच्या अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांवर सोपवला. १० जानेवारी २०२४ रोजी अध्यक्षांनी निकाल दिला. दोन्ही गटांचा एकही आमदार अपात्र ठरला नाही. तोवर दीड वर्ष उलटून गेले होते.

आपल्या समाजातले नेतेही याला अपवाद नाहीत. सिल्लोडचे अब्दुल सत्तार काँग्रेसमधून २०१९ मध्ये शिवसेनेत आले, पण तेव्हा ते निवडणुकीला सामोरे गेले आणि लोकांनी निवडून दिले. २०२२ मध्ये ते शिंदे गटात गेले, तेव्हा मतदाराला कुणी विचारले नाही. दोन्हींत फरक आहे, आणि तो आपण करायला शिकले पाहिजे.

प्रत्येक पक्षांतर बेइमानीच का?

नाही. मतभेद खरे असू शकतात. कर्नाटकचे सिद्धरामय्या २००६ मध्ये काँग्रेसमध्ये गेले तेव्हा त्यांनी आमदारकीचा राजीनामा दिला, पोटनिवडणूक लढवली आणि अवघ्या २५७ मतांनी जिंकले. अमानत आधी परत केली, मग पुन्हा मागितली. सरळ मार्ग तो हाच.

मतदाराने काय तपासावे?

१. पक्ष कधी बदलला? निवडणुकीआधी की मधेच?
२. मधेच बदलला असेल तर राजीनामा दिला का?
३. बदलल्यावर लगेच मंत्रिपद किंवा महामंडळ मिळाले का?
४. कारण काय सांगितले? 'विकासासाठी' म्हणाले असतील, तर आपल्या वॉर्डात कोणते काम झाले?
५. जुनी प्रतिज्ञापत्रे पाहा. उमेदवार अर्जासोबत प्रतिज्ञापत्र देतो. त्यात पक्ष, मालमत्ता आणि गुन्हे लिहिलेले असतात. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते फुकट पाहता येते. दोन निवडणुकांची प्रतिज्ञापत्रे शेजारी ठेवली की बरेच काही कळते. घरातली कॉलेजची मुले हे दहा मिनिटांत काढून देतील.

नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्यांसाठीही महाराष्ट्रात १९८६ चा वेगळा अनर्हता कायदा आहे. त्यामुळे हेच प्रश्न त्यांनाही विचारा.

कायद्याला पळवाटा आहेत, पण मतदाराच्या आठवणीला नाहीत. २०१९ ला गोव्यात पक्ष बदललेल्या त्या दहांपैकी बहुतेकांना २०२२ मध्ये लोकांनी घरी बसवले. उपमुख्यमंत्री झालेले कवळेकरही केप्यातून हरले. पुढच्या वेळी कुणी दारात मत मागायला आला, तर चहा जरूर पाजा, पण वरचे पाच प्रश्न विचारल्याशिवाय उठू देऊ नका.