हिवतापाशी झुंज : प्रौढांचे रक्त काय सांगते?

हिवताप जेथे वर्षानुवर्षे ठाण मांडून आहे, तेथे लहान मुले तापाने फणफणतात, दगावतातही. त्याच गावातील प्रौढांना मात्र डास चावूनही सहसा गंभीर आजार होत नाही. १९०० साली रॉबर्ट कॉख यांनी न्यू गिनीत गावकऱ्यांचे रक्त तपासले. मुलांच्या रक्तात परजीवी वारंवार सापडले, प्रौढांच्या रक्तात क्वचितच. ही प्रतिकारशक्ती वारंवार संसर्ग होऊन कमावली जाते, असे अनुमान त्यांनी काढले. पण ती शरीरात नेमकी कशात असते?

उत्तर मिळायला साठ वर्षे लागली. १९६१ साली सिडनी कोहेन, इयन मॅग्रेगर व सहकाऱ्यांनी पश्चिम आफ्रिकेतील गांबियात प्रौढांच्या रक्तातून गॅमा ग्लोब्युलिन हा प्रथिनांचा गट वेगळा केला. प्रतिपिंडे याच गटात असतात. हिवतापाने आजारी मुलांना त्याची इंजेक्शने दिली. काही दिवसांतच रक्तातील परजीवी झपाट्याने घटले.

एवढ्याने सिद्धता होते का? नाही. म्हणून काही मुलांना हिवताप नसलेल्या ब्रिटनमधील लोकांचे गॅमा ग्लोब्युलिन दिले. त्याचा परिणाम झाला नाही. म्हणजे गुण केवळ गॅमा ग्लोब्युलिनचा नव्हता. हिवतापाशी झुंजताना तयार झालेल्या प्रतिपिंडांचा होता.

ही प्रतिपिंडे तांबड्या पेशीत शिरत नाहीत. फाल्सिपेरम जातीचा परजीवी सुमारे ४८ तासांनी पेशी फोडून बाहेर पडतो व नवी पेशी गाठतो. त्या अल्प अवधीत तो त्यांच्या तावडीत सापडतो. काही पांढऱ्या पेशीही त्यांना साथ देतात, असे पुढे दिसून आले. १९९१ साली आफ्रिकी प्रौढांची प्रतिपिंडे थायलंडमधील रुग्णांनाही उपयोगी पडल्याचे प्रसिद्ध झाले.

मग ही शक्ती यायला वर्षे का लागतात? परजीवीचे वाण अनेक आहेत आणि तो आपली पृष्ठभागावरील प्रथिने बदलत राहतो. शिवाय संसर्ग थांबला की ही शक्ती ओसरू लागते. तोवर किती मुलांचा बळी जातो, हाच खरा प्रश्न. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेली, पुण्यात तयार होणारी आर-२१ लसही प्रतिपिंडेच निर्माण करते. पण ती परजीवीला यकृतात शिरण्यापूर्वीच अडवू पाहते.

वर्गात हा प्रयोग सांगताना ब्रिटनमधील रक्ताचा भाग वगळू नये, असे आम्हांला वाटते. तो काढला, तर उरते ते केवळ अनुमान.