धबधब्याचा फोटो आणि त्यामागचं गृहीतक

पावसाळ्यात नागपूरहून चिखलदऱ्याला गेलात, तर भीमकुंडाचा फोटो काढून बघा. कड्याचा काळा बेसॉल्ट नीट दिसेल असा काढला, तर पाणी नुसतं पांढरं पडतं. पाणी जपलं, तर कडा काळाकुट्ट. अडचण जुनीच आहे. 1850 च्या दशकात गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच फोटोग्राफरने समुद्र आणि आकाश यांच्या वेगळ्या निगेटिव्ह घेऊन काही चित्रांत त्या क्षितिजावर जोडल्या. 1997 मध्ये पॉल डेबेवेक आणि जितेंद्र मलिक यांनी याला गणित दिलं: कमी-जास्त एक्स्पोजरच्या फोटोंवरून आधी कॅमेऱ्याचा प्रतिसाद-वक्र काढायचा, मग प्रत्येक बिंदूचं सापेक्ष तेज. आजच्या एचडीआरचा हा एक पाया.

पण या पद्धतीने दृश्य स्थिर आहे असं धरलंय. धबधबा कुठे थांबतो? म्हणून फोटो एकत्र केले की धारा दुहेरी, धूसर दिसतात. यावर साधा उपाय: ट्रायपॉडवरून तीन फोटो घ्या, कडा-झाडी तिन्हींतून, पाणी मात्र एकाच फोटोतून.

तुम्हीही कुठलीही पद्धत उचलण्याआधी तिचं गृहीतक शोधा, तुमच्या डेटात ते कुठे मोडतं ते प्रबंधात लिहा. आणि मूळ फाइल्स कधीच पुसू नका.