मुख्य व्यक्ती (वंशावळ-सॉफ्टवेअर)

वंशावळीच्या सॉफ्टवेअरमध्ये जिला धरून इतरांची नाती मोजली जातात आणि फाइल उघडताच बहुधा जी समोर येते, ती मुख्य व्यक्ती. ग्रॅम्प्स आणि फॅमिली ट्री मेकरमध्ये तिला ‘होम पर्सन’ म्हणतात, रूट्समॅजिकमध्ये ‘रूट पर्सन’. मुख्य व्यक्ती म्हणजे कुलवृत्तांतातला मूळ पुरुष नव्हे. मूळ पुरुष म्हणजे घराण्याचा ज्ञात असलेला सर्वांत जुना पूर्वज. तो एकदा ठरला की छापील ग्रंथात कायम राहतो. मुख्य व्यक्ती मात्र आज नात असेल, उद्या पणजी.

वंशावळ मांडायला बसलेला माणूस बहुधा स्वतःपासून सुरुवात करतो आणि तोच मुख्य व्यक्ती होऊन बसतो. ती बदलली तरी जन्म-मृत्यूच्या तारखा, लग्ने, मुलेबाळे, जोडलेले फोटो यांतले काहीही हलत नाही. ग्रॅम्प्समध्ये आधी हवी ती व्यक्ती निवडायची आणि मग मेनूतून तिला होम पर्सन ठरवायचे. नुसती टिचकी मारून निवडलेली व्यक्ती ही तेवढ्यापुरती सक्रिय असते, मुख्य नव्हे. नवख्यांचा गोंधळ इथेच होतो.

बदलतात ती नाती. माझ्या जागेवरून जी आत्या, तीच आईला मुख्य केले की नणंद आणि आजीला मुख्य केले की लेक. मराठीत काका, मामा, आत्या, मावशी यांना वेगवेगळे शब्द आहेत आणि त्यांतून बापाकडचे कोण, आईकडचे कोण हे लगेच कळते. इंग्रजी नात्यांवर बेतलेले सॉफ्टवेअर काका आणि मामा यांना एकाच शब्दात बसवते, तेव्हा ही माहिती नात्याच्या नावातून गळते. ती शोधायला आलेखच पाहावा लागतो.

मुख्य व्यक्ती बदलल्याने पडणारा फरक पूर्वजांना क्रमांक देण्याच्या पद्धतीत आकड्यांतही दिसतो. १५९० मध्ये मिखाएल आयत्सिंगर याच्या ग्रंथात आलेल्या पद्धतीनुसार मुख्य व्यक्ती १, वडील २, आई ३. पुढे कोणाच्याही वडिलांचा क्रमांक त्याच्या दुप्पट आणि आईचा त्याहून एक जास्त. मी १ असेन तर वडिलांची आई ५, तिचे वडील १० आणि आई ११. आता त्या आजीलाच मुख्य करा. ती १ होते, तिचे वडील २, आई ३. मी त्या यादीत उरतच नाही, कारण ती यादी फक्त पूर्वजांची. म्हणून क्रमांक लिहिताना ते कोणाला १ धरून दिले आहेत, हे त्याच कागदावर नोंदवावे.

आजीला मुख्य करण्याचा खरा उपयोग माहेरासाठी होतो. आपले जुने कुलवृत्तांत पुरुषांच्या ओळीने चालतात. सून आली की तिचे नाव नवऱ्याशेजारी आणि माहेरचे फार तर आडनाव. सॉफ्टवेअरमध्ये तिला मुख्य केले की नवऱ्याच्या घराण्याइतकाच तिच्या आईवडिलांचा आलेख समोर उभा राहतो, आणि तिथे रिकाम्या चौकटी किती आहेत हेही दिसते. आजीची आई कुठल्या गावची, हा प्रश्न घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारायचे तेव्हाच सुचते. वर्षानुवर्षे एकाच मुख्य व्यक्तीवर चालवलेल्या वंशावळीला ही संधी मिळत नाही, असे मला वाटते.

भिंतीवर लावायचा आलेख छापताना निवड हेतूप्रमाणे करावी. पूर्वजांचा आलेख हवा असेल तर सर्वांत लहान पिढीतले मूल घ्यावे, वंशजांचा हवा असेल तर सर्वांत जुना पूर्वज. वेबट्रीज वापरून वंशावळ संकेतस्थळावर ठेवणाऱ्याने सर्वांसाठीची आरंभीची व्यक्ती म्हणून हयात माणसाऐवजी दिवंगत पूर्वज ठरवावा.

एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात माहिती नेताना जेडकॉम फाइल वापरतात. हा साचा मॉर्मन चर्चने १९८४ मध्ये आणला. व्यक्ती आणि कुटुंबे यांच्या नोंदी त्यात नीट उतरतात. पण त्याच्या रूढ ५.५.१ आवृत्तीत मुख्य व्यक्तीसाठी ठरलेली खूण नाही. त्यामुळे फाइल नव्या ठिकाणी उघडल्यावर भलतेच कोणी मुख्य व्यक्ती म्हणून समोर येऊ शकते. तेव्हा पुन्हा हवी ती व्यक्ती ठरवावी आणि मगच नाती तपासावीत.