देवघळीची वाट

इतिहास म्हटला कीं आपल्यापैकीं बहुतेकांच्या डोळ्यांसमोर गड, तह आणि लढाया उभ्या राहतात. जेथें तोफ वाजली नाहीं, ज्याच्यावर कोणीं बखर रचली नाहीं, त्या स्थळास इतिहासच नाहीं, असा एक समज आपण उराशीं बाळगून असतों. हा समज किती पोकळ आहे हें ज्यांस पाहावयाचें असेल त्यांनीं हिवाळ्यांतील एखाद्या सकाळीं रत्नागिरी जिल्ह्याच्या राजापूर तालुक्यांतील कशेळी गांवीं जावें, व तेथून पायीं देवघळीपर्यंत उतरावें.

वाट मुळींच अवघड नाहीं. कनकादित्याचें देऊळ मागें टाकलें कीं कांहीं वेळ जांभ्याचा सडा लागतो. पुढें आंबा-काजूच्या व करवंदीच्या झाडींतून चालतांना समुद्राची गाज आधीं कानीं पडते. समुद्र मागाहून दिसतो. आणि मग एकाएकीं दोन कड्यांच्या मध्यें दडलेली ती लहानशी पुळण समोर येते. जांभ्याखालचा काळा कातळ लाटांनीं युगानुयुगें झिजवून ही घळ कोरली आहे. दोन्ही बाजूंच्या कड्यांमुळें वाऱ्याचा जोर येथें पुष्कळ कमी वाटतो.

घळीला देवाचें नांव कां मिळालें, याची कथा कशेळींत लहानथोर सर्वांस ठाऊक आहे. सौराष्ट्रांतील प्रभासपट्टणाहून एक व्यापारी सूर्याची मूर्ति गलबतांत घालून दक्षिणेकडे निघाला. कशेळीसमोर गलबत अडलें, तें कांहीं केल्या हलेना. मूर्ति येथें राहूं इच्छिते असें जाणून त्यानें ती किनाऱ्यावरच्या गुहेंत ठेवली. तेव्हां गलबत सुटलें. पुढें गांवांतील कनका नांवाच्या सूर्यभक्त गणिकेस स्वप्नांत दृष्टान्त झाला, तिच्या सांगण्यावरून ग्रामस्थांनीं मूर्ति शोधून वर आणली, व देवाला कनकादित्य हें नांव पडलें.

या कथेस सामान्यतः अल्लाउद्दीन खिलजीच्या गुजराथेवरील स्वारीची जोड देतात. ही स्वारी इ. स. 1299 मधील, तींत सोमनाथाचा विध्वंस झाला. परंतु कशेळीचा ताम्रपट त्याहून जुना आहे. पन्हाळ्याचा शिलाहार राजा दुसरा भोज यानें शके 1113 मध्यें, म्हणजे इ. स. 1191 त, बारा ब्राह्मणांच्या भोजनाच्या सोयीसाठीं कशेळी गांव दिल्याचें त्यावरून समजतें. म्हणजे स्वारीच्या 108 वर्षें आधीं हें गांव दान देण्याजोगें नांदतें होतें. प्रभासपट्टणावरहि आघात एकच झालेला नाहीं, इ. स. 1026 मध्यें गझनीच्या महमुदानें तें लुटलेंच होतें. अनेक संकटांची आठवण एकाच संकटाच्या नांवावर जमा करणें ही लोकस्मृतीची जुनी खोड आहे. म्हणून कथेंतील सन आम्ही प्रमाण मानीत नाहीं.

सन सोडला तरी समुद्र उरतो, आणि समुद्राविषयीं कथा खोटें बोलत नाहीं. येथून दक्षिणेस, आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यांत असलेल्या खारेपाटण येथें दक्षिण कोंकणच्या शिलाहारांपैकीं रट्टराजाचा शके 930 चा, म्हणजे इ. स. 1008 चा, ताम्रपट सांपडला. त्यांत परद्वीपांहून येणाऱ्या प्रत्येक गलबतामागें एक सुवर्णगद्याण देवस्थानास लावून दिला आहे. चेमुल्य, म्हणजे चौल, येथून येणाऱ्या जहाजांस मात्र सूट आहे. गलबतांच्या वर्दळीवर देवाच्या पूजेचा खर्च चालावा इतका हा किनारा गजबजलेला होता. तेव्हां सौराष्ट्राचें एखादें गलबत कशेळीसमोर यावें, यांत अद्भुत असें कांहींच नाहीं.

राहिली कनका. तिच्याविषयीं कोणत्याहि संशोधकाच्या मनांत शंका उभी राहील. कनकादित्य याचा सरळ अर्थ सोन्यासारखा सूर्य. त्या नांवावरूनच पुढें कनका नांवाची स्त्री कल्पिली गेली नसेल कशावरून? घळींतील कातळावर बसून आम्हीं ही शंका बरोबरच्या एका वृद्ध ग्रामस्थांपुढें मांडली. ते किंचित् हंसले व म्हणाले, "नांव कुठून आलें तें तुम्ही पुस्तकांत बघा. आमच्या देवाला स्वप्न द्यायला तीच सांपडली, एवढें आम्हांस पुरें."

त्या उत्तरानें आमची शंका फिटली नाहीं. मात्र तिचें तोंड दुसरीकडे वळलें. कनका झाली कीं नाहीं हें आम्हांस सांगतां येणार नाहीं. परंतु देवाच्या नांवाचा उलगडा करावयाची वेळ आली तेव्हां या गांवानें राजाचें नांव घेतलें नाहीं, दान घेणाऱ्या विद्वानांचें घेतलें नाहीं; एका गणिकेचें घेतलें, आणि तें पिढ्यान् पिढ्या सांगितलें. ही गोष्ट मात्र कल्पित नव्हे. ताम्रपटांत दात्याला, प्रतिग्रहीत्याला, गांवाच्या सीमांना जागा असते. कनकेसारखीला तेथें जागा कोण देणार? ती जागा तिला दंतकथेनें दिली. दंतकथा भाकड म्हणून टाकून देणारे आमचे सुशिक्षित बांधव तिच्यासह अशीं किती माणसें टाकून देतात, याचा विचार करीत नाहींत. आणि तीच अक्षरशः खरी मानणारे ताम्रपट उघडून पाहण्याचे श्रम घेत नाहींत. दोघांनींहि एकदां ही वाट चालून पाहावी.

आतां देवघळीस हौशी प्रवासीहि येतात, लाटांची शोभा पाहून परततात. आम्हीहि उन्हें चढण्यापूर्वीं परतलों. रथसप्तमीस याच देवळापुढें यात्रा भरते, कालिकावाडीची कालिकादेवी कनकादित्याच्या भेटीस येते. त्या गर्दींतून वेळ काढून वाचकांनीं खालीं घळींत उतरावें, व मूर्ति वर नेणाऱ्या त्या ग्रामस्थांच्या पुढें कोण चालत होतें, तें एकवार आठवावें.