दारूखाना आणि मिऱ्या : जहाजतोडणीचे दोन किनारे

आयुष्य संपलेले जहाज किनाऱ्यावर चढवून त्याचे पोलाद, यंत्रे आणि सामान सुटे करून विकण्याचा जो व्यवसाय जहाजतोडणी म्हणून ओळखला जातो, त्याला मोठी भरती आणि स्वस्त मजूर या दोन गोष्टी लागतात. उधाणाच्या भरतीत जहाज स्वतःच्या यंत्राच्या जोरावर चिखलात घुसवावे आणि पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या सांगाड्यावर माणसे चढवावीत, ही पद्धत गोदी बांधण्याचा खर्च पूर्णपणे वाचवते. खंबातच्या आखातात भरती-ओहोटीतील फरक दहा मीटरांच्या आसपास जातो आणि मुंबईत तो उधाणाच्या वेळी पाच मीटरांपर्यंत पोचतो, परंतु दक्षिणेकडे सरकावे तसा तो आणखी कमी होत जातो. त्या आखातावरचे अलंग आणि मुंबई ही तोडणीची केंद्रे झाली आणि खडकाळ टोकांचा, लहान भरतीचा रत्नागिरीचा किनारा मच्छीमारी व किनारी वाहतुकीचाच राहिला, यामागे हे एक मोठे भौगोलिक कारण आहे.

मुंबईतील जहाजतोडणी रे रोडच्या पूर्वेला, बंदर विश्वस्त मंडळाच्या जमिनीवरील दारूखान्यात झाली. तोफांच्या दारूवरून नाव पडलेल्या या भागात लाकडी बंदर, कोळसा बंदर अशी लहान लहान बंदरे एकाला एक लागून आहेत. 1983 मध्ये अलंगच्या किनाऱ्यावर पहिले जहाज चढले आणि मोठ्या जहाजांचा ओघ तिकडे वळला, तरी मध्यम व लहान जहाजे, बार्ज आणि नौदलाच्या निवृत्त नौका दारूखान्यात तुटत राहिल्या. 1961 मध्ये नौदलात दाखल झालेली आणि 1997 मध्ये निवृत्त झालेली विमानवाहू नौका ‘विक्रांत’ याच किनाऱ्यावर आली. तिचे कायमस्वरूपी संग्रहालय व्हावे यासाठीचे प्रयत्न न्यायालयात अपयशी ठरल्यावर 2014 च्या अखेरीस तिच्या पत्र्यांवर गॅस कटर चालू लागले. तिच्या धातूचा काही अंश पुढे एका मोटारसायकलीच्या टाकीत वापरला गेला आणि त्याची देशभर जाहिरातही झाली. ते पोलाद कापणाऱ्या हातांची मात्र अशी नोंद कोणी ठेवली नाही.

ही उपेक्षा व्यवसायाच्या रचनेतच आहे. जहाजाची किंमत त्याच्या रिकाम्या वजनावर, म्हणजे इंधन, माल व पाणी वगळून उरणाऱ्या वजनावर ठरते आणि या वजनाचा बहुतांश भाग पोलाद असतो. त्याचे जाड पत्रे न वितळवता, केवळ तापवून आणि लाटून रिरोलिंग मिलमध्ये सळया बनवता येतात, त्यामुळे मागणी कायम राहते. परंतु त्याच जहाजात बॉयलर व नळांभोवतीचे ॲस्बेस्टॉस, रंगातील शिसे, जुन्या केबलांमधील विषारी तेलकट रसायने आणि टाक्यांच्या तळाचा गाळ असतो. शंख-शिंपले चिकटू नयेत म्हणून तळाला लावल्या जाणाऱ्या जुन्या रंगांत कथिलाची संयुगे असत, जी मादी शंखांत नराची इंद्रिये उत्पन्न करून त्यांची वीण थांबवतात. या रंगांवर 2008 पासून आंतरराष्ट्रीय बंदी असली, तरी चिखलात उतरलेले थर तिथेच आहेत. खाडीत तिसऱ्या आणि कालवे वेचून संसार चालवणाऱ्या कोकणातील बायकांना खाडीच्या चिखलाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

किनारा दूर राहिला, तरी माणसांच्या बाबतीत रत्नागिरीचा मुंबईच्या बंदराशी फार जुना संबंध आहे. 1921 च्या जनगणनेत मुंबईच्या लोकसंख्येचा सुमारे पाचवा हिस्सा तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्यांचा होता. बायकामुले गावी ठेवून खोलीत दाटीने राहणारा, दर्यावर खलाशी किंवा गोदीत व गिरणीत कामगार असणारा आणि अंगातली ताकद संपली की गावी परतणारा चाकरमानी हा शहराच्या श्रमव्यवस्थेचा पाया होता. दारूखान्यातील तोडणी कामगार पुढे मुख्यतः उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आले, पण व्यवस्था तीच राहिली: शहराने उमेदीची वर्षे घ्यावीत आणि आजारपण गावाने सोसावे. 2003 च्या सुमारास बंदरातील कामगार संघटनेने त्यांना संघटित करायला सुरुवात केली, तेव्हा पिण्याचे पाणी आणि प्रथमोपचार याच पहिल्या मागण्यांत होत्या, यावरून परिस्थितीची कल्पना यावी.

रत्नागिरीला निकामी जहाजाच्या प्रश्नाशी थेट सामना करावा लागला तो अपघाताने. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळात भरकटलेले ‘बसरा स्टार’ हे जहाज मिऱ्या येथील धूपप्रतिबंधक बंधाऱ्यावर येऊन अडकले. तेरा खलाशांची सुटका झाली, पण जहाज तिथेच राहिले आणि पुढील पावसाळ्यांत लाटांसह त्याचा मार त्याच बंधाऱ्याला बसत राहिला. साठ वर्षांपूर्वी, 1960 च्या वादळात चितगावजवळ सीताकुंडच्या किनाऱ्यावर असेच एक जहाज लोटले गेले होते आणि काही वर्षांनी स्थानिक लोकांनी ते तोडले, तिथूनच बांगलादेशातील जहाजतोडणीचा आरंभ मानला जातो. मिऱ्यावर तसा धंदा उभा राहिला नाही, हे रत्नागिरीचे सुदैवच म्हटले पाहिजे. परंतु परक्या मालकाच्या जहाजाचा भार शेवटी किनाऱ्यावरच्या गावावर कसा पडतो, हे तिथे स्पष्ट दिसले.

कायदे झाले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये तोडणीपूर्वी जहाज विषारी द्रव्यांपासून मुक्त करण्याचे निर्देश दिले, 2019 मध्ये जहाज पुनर्वापराचा कायदा संमत झाला आणि त्याच विषयावरचा आंतरराष्ट्रीय हाँगकाँग करार 26 जून 2025 पासून लागू झाला. करार जहाजातील घातक पदार्थांची यादी मागतो, पण किनाऱ्यावर जहाज चढवण्याची पद्धत बंद करत नाही. ॲस्बेस्टॉसच्या धुळीने होणारा कर्करोग उघड व्हायला अनेकदा वीस ते चाळीस वर्षे लागतात आणि तोवर कामगार ठेकेदाराच्या हजेरीपटावरूनच नव्हे, तर शहरातूनही नाहीसा झालेला असतो. ॲस्बेस्टॉस कारखान्यांतील प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून किमान चाळीस वर्षे किंवा नोकरी सुटल्यावर पंधरा वर्षे, यांपैकी जो काळ नंतर संपेल तोवर ठेवावी, असे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच सांगितले होते. तेच ॲस्बेस्टॉस जहाजातून ओरबाडून काढणाऱ्या रोजंदारी मजुरालाही हा नियम काटेकोरपणे लागू झाला पाहिजे आणि त्याची तपासणी त्याच्या गावाजवळच्या जिल्हा रुग्णालयात, जहाजाच्या मालकाच्या व तोडणी व्यावसायिकाच्या खर्चाने झाली पाहिजे.