उपदेशक-वर्ग : गांधर्व महाविद्यालयातील उमेदवारीचा इतिहास

महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत २०२३-२४ पासून कार्यप्रशिक्षणाला स्थान मिळाले आणि अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत व घाटकोपरपासून मुलुंडपर्यंतच्या महाविद्यालयांतील कलाशाखेचे विद्यार्थी ग्रंथसंग्रहालये, नाट्यगृहे व संगीतसंस्था यांची दारे ठोठावू लागले. शास्त्र व वाणिज्य शाखांच्या विद्यार्थ्यांना कारखाने आणि पेढ्या आहेत. कलाशाखेच्या विद्यार्थ्याला बहुधा एखादी धर्मादाय सांस्कृतिक संस्थाच गाठावी लागते, आणि अशा संस्थेकडे काम पुष्कळ असले तरी द्रव्य नसते. विद्यार्थ्याने तेथे केलेले काम शिक्षण समजावे की विनावेतन श्रम, हा प्रश्न त्यामुळे उपस्थित होतो. तो नवा नाही. मुंबईतच शतकापूर्वी एका संगीतसंस्थेने त्यावर एक उत्तर योजिले होते, आणि त्या उत्तराचा इतिहास तपासून पाहण्याजोगा आहे.

पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२-१९३१) यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांजवळ त्यांचे शिक्षण झाले होते आणि तेथील संस्थानिकांचा आश्रयही त्यांना लाभला होता. गायकाला दरबारात मान असला तरी समाजात तो नाही, या अनुभवाने व्यथित होऊन त्यांनी १८९६ मध्ये मिरज सोडली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. त्यांची संस्था राजाश्रयावर न चालता देणग्या, जलशांचे उत्पन्न आणि विद्यार्थ्यांचे शुल्क यांवर चालावयाची होती. वेळापत्रक, श्रेणीवार अभ्यासक्रम, परीक्षा, 'राग प्रवेश'सारखी क्रमिक पुस्तके, ती छापण्यासाठी स्वतःचा छापखाना, वाद्यांच्या दुरुस्तीची कार्यशाळा असा हा सर्व संभार होता. परंतु तो चालविणार कोण? एकाच पद्धतीने, एकाच स्वरलिपीतून शिकविणारे शिक्षक तत्कालीन हिंदुस्थानात उपलब्ध नव्हते. घराण्यातील उस्तादाला असे शिकविणे जमणारे नव्हते, आणि बहुधा रुचणारेही नव्हते. तेव्हा शिक्षक संस्थेतच घडविणे भाग होते.

या निकडीतून उपदेशक-वर्ग निर्माण झाला. शुल्क देऊन सायंकाळी येणारे हौशी विद्यार्थी हा महाविद्यालयाचा एक भाग, तर करार करून संस्थेतच राहणारे विद्यार्थी हा दुसरा. कराराची मुदत साधारणतः नऊ वर्षांची असे. या काळात संस्थेने विद्यार्थ्याच्या भोजनाची, निवासाची व विद्येची तरतूद करावी. विद्यार्थ्याने शिकावे, आणि शिकता शिकता खालच्या वर्गांना शिकवावे, जलशांत साथ करावी, गुरुजींबरोबर दौऱ्यावर जावे. शुल्क देणारा विद्यार्थी ज्याच्यापुढे बसे तो शिक्षक पुष्कळदा स्वतःच विद्यार्थी असे. पहिल्याच्या शुल्कातून दुसऱ्याचे अन्न निघे आणि दुसऱ्याच्या श्रमातून पहिल्याचा वर्ग चाले. संस्थेचे अर्थशास्त्र या देवघेवीवर उभे होते असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

येथे शब्दांकडे थोडे लक्ष देणे उचित होईल. गायनाच्या क्षेत्रात शिकणाऱ्याला 'शागीर्द' म्हणत. त्याच्या मनगटाला गंडा बांधला जाई आणि पुढील संबंध लेखी अटींचा नसून निष्ठेचा असे. कचेरीत व दुकानात शिकणारा तो 'उमेदवार'. आज ना उद्या जागा मिळेल या उमेदीवर तो बिनपगारी राबे, आणि मूळच्या फार्सी शब्दाचा 'आशा बाळगणारा' हा अर्थ मराठीने मोठ्या नेमकेपणाने या व्यवहारास लावला. निवडणुकीच्या उमेदवारापेक्षा हा उमेदवार पुष्कळ जुना आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाच्या नावात तोच आढळतो. विष्णु दिगंबरांनी यांपैकी एकही शब्द स्वीकारला नाही. त्यांनी घेतलेला 'उपदेशक' हा शब्द त्या काळी पंजाबात आर्य समाजाच्या प्रचारकांसाठी रूढ होता. तो तेथूनच आला असे निश्चयाने सांगता येत नसले, तरी लाहोरच्या श्रोत्यांना त्याचा रोख चटकन समजला असणार. संगीताचा शिक्षक हा धर्मकार्याचा वाहक आहे, ही भूमिका त्या नावात आहे. धर्मकार्याला वेतन मागावयाचे नसते, हेही तिच्यात ओघानेच येते.

१९०८ मध्ये मुंबईस महाविद्यालयाची शाखा निघाली आणि लवकरच संस्थेचे केंद्र तेथे आले. या वर्गातून घडलेली माणसे पाहिली म्हणजे प्रयोगाचे यश नाकारता येत नाही. विनायकराव पटवर्धन १९०७ मध्ये, वयाच्या अवघ्या नवव्या वर्षी, मिरजेहून लाहोरला गेले, तेही मिरज संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर. राजाश्रयाला पाठ फिरवून निघालेल्या गुरूकडे राजाच्याच पैशाने शिष्य यावा, हा योगायोग मौजेचा आहे. ओंकारनाथ ठाकूर गुजरातेतील निर्धन कुटुंबातून आले. एका पारशी गृहस्थाच्या साहाय्याने ते मुंबईस पोहोचले, आणि १९१६ मध्ये, विशीही उलटली नसता, लाहोर शाखेची धुरा त्यांच्यावर सोपविण्यात आली. १९५० मध्ये बनारस हिंदु विश्वविद्यालयाच्या संगीत महाविद्यालयाचे ते प्राचार्य झाले. शुल्क भरून शिकण्याची ऐपत असलेल्यांनाच प्रवेश असता, तर या मुलाला कोणी दाराशी उभे केले असते? निर्धन विद्यार्थ्याला केवळ विद्या पुरत नाही, दोन वेळचे अन्नही लागते, हे उपदेशक-वर्गाने जाणले होते. आजच्या कार्यप्रशिक्षणाच्या आराखड्यांत श्रेयांकांचा हिशेब असतो. मुलुंडहून दक्षिण मुंबईपर्यंतच्या रोजच्या प्रवासखर्चाचा क्वचितच.

तथापि या व्यवस्थेची दुसरी बाजूही आहे. नऊ वर्षे हा मोठा काळ होय. अजाण वयात केलेला करार पाळताना विद्यार्थ्याचे कष्ट वाढले तर त्याने दाद कोणाकडे मागावी, हे करारातून निष्पन्न होत नसे. गुरू हाच चालक आणि चालक हाच अन्नदाता होता. शिवाय वर्गात येणारी मुले बहुतांशी ब्राह्मण कुटुंबांतील, त्यातही महाराष्ट्रीय, असत. ज्या मुसलमान गायक-वादकांच्या घरांतून ही विद्या पिढ्यानुपिढ्या चालत आली होती, त्यांच्या मुलांना या भक्तिप्रधान आश्रमवजा जीवनात जागा मिळणे कठीण होते. संगीताला सभ्य समाजात प्रतिष्ठा मिळवून देण्याच्या कार्याची ही किंमत होती, आणि ती विष्णु दिगंबरांनी नव्हे तर इतरांनी चुकती केली.

संस्था अखेर कोसळली ती मात्र द्रव्याच्या कारणाने. सँडहर्स्ट रोडवर कर्ज काढून स्वतःची भव्य वास्तू उभारण्यात आली. कर्ज फेडण्यासाठी दौरे वाढले आणि दौऱ्यांमुळे अध्यापन मागे पडले; १९२४ च्या सुमारास धनकोंनी वास्तूचा लिलाव केला. विष्णु दिगंबर नाशिकला रामनामात रमले आणि २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस त्यांचे देहावसान झाले. उपदेशकांच्या श्रमांवर वर्ग चालत होते. इमारतीचे व्याज त्यांवर भागण्याजोगे नव्हते.

शिष्य तोपर्यंत पांगले होते. बी. आर. देवधरांनी १९२५ मध्ये मुंबईस स्वतंत्र विद्यालय काढले. विनायकराव १९२२ मध्ये गंधर्व नाटक मंडळीत गेले आणि दहा वर्षांनी रंगभूमी सोडून त्यांनी पुण्यास गांधर्व महाविद्यालय स्थापिले. महाविद्यालयात शिकलेले शंकरराव व्यास चित्रपटांकडे वळले. अंधेरीच्या प्रकाश पिक्चर्सच्या 'भरत मिलाप' (१९४२) व 'राम राज्य' (१९४३) या चित्रपटांना त्यांचे संगीत आहे. रामकथेच्या गायनातून जनमानसाला वळण लावू पाहणाऱ्या गुरूचा विषय उपनगरातील चित्रशाळेत पोहोचला, तो असा.

गुरूच्या निधनानंतर, १९३१ मध्येच, शिष्यांनी अहमदाबाद येथे एकत्र येऊन अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. मंडळाने अभ्यासक्रम आणि परीक्षा यांची परंपरा पुढे नेली. निवास, अन्न आणि नऊ वर्षांचा करार मात्र मागे राहिला. प्रारंभिक ते विशारद व अलंकार या परीक्षांसाठी पार्ले, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड येथील घरगुती वर्गांतून मुले बसतात. दिवाणखान्यात चटई अंथरून त्यांना शिकविणारी व्यक्ती पुष्कळदा स्वतःच विशारदाची तयारी करीत असते. खालच्या वर्गांना शिकविता शिकविता वरची परीक्षा द्यावयाची, ही उपदेशक-वर्गाची रीत तेवढी तेथे टिकून आहे. जेवणाची व्यवस्था मात्र ज्याची त्याने करावयाची असते.