फैजपूर परिसरातील शेतीपंप, धारित्र आणि वीजआकारणी

डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूर येथे पंडित जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. तेथे संमत झालेल्या शेतीविषयक कार्यक्रमात कालव्याच्या व इतर सिंचनाच्या पाण्याचे दर बरेच कमी करावेत, अशी एक मागणी होती. पुढे यावल-रावेर भागातील केळीबागांना विहिरींवरील विजेचे पंप पाणी पुरवू लागले आणि पाण्याच्या दराचा प्रश्न विजेच्या दरात मिसळून गेला. या स्थित्यंतराचा एक दुर्लक्षित पैलू म्हणजे धारित्राचा, अर्थात लोकव्यवहारातील कपॅसिटरचा, इतिहास होय.

पंपाची प्रवर्तन मोटर पाणी उपसण्यासाठी जो प्रवाह घेते, त्याखेरीज चुंबकक्षेत्र उभे करण्यासाठीही तिला प्रवाह लागतो. या दुसऱ्या प्रवाहामुळे शक्तिगुणक घटतो. ४ किलोवॉट शक्ती घेणाऱ्या मोटरचा शक्तिगुणक ०.७० असल्यास रोहित्रावर ५.७ केव्हीए भार पडतो; सुमारे २.८ केव्हीएआर क्षमतेचे धारित्र जोडून तो ०.९५ केल्यास भार ४.२ केव्हीए होतो व वाहिनीतील तापक्षय जवळजवळ ४६ टक्क्यांनी घटतो. १०० केव्हीएच्या रोहित्रावर असे १७ पंप चालत असतील, तर धारित्रे बसविल्यावर २३ चालू शकतात.

हा लाभ कोणाच्या पदरात पडतो, हे मात्र आकारणीची पद्धत ठरविते. उच्चदाब कारखान्याला मागणी आकार केव्हीएवर द्यावा लागे. १ एप्रिल २०२० पासून महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांच्या ऊर्जेची आकारणीही केव्हीए-तासांवर होऊ लागली. तेथे धारित्राची किंमत बिलातून भरून निघते. शेतीपंपांची गोष्ट निराळी. २० जून १९६० रोजी स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने १९७७ मध्ये शेतीपंपांना अश्वशक्तीनुसार ठोक आकारणी लागू केली. शक्तिगुणक सुधारला तरी अश्वशक्ती तीच राहते, म्हणून बिलही तेच. मीटर असला तरी साधा मीटर किलोवॉट-तासच मोजतो. त्यामुळे धारित्राने युनिटे निम्म्यावर येतात ही समजूत निराधार आहे. एप्रिल २०२४ पासून ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांची वीज मोफत झाली आणि बिलाचे उरलेसुरले कारणही संपले.

हानी मात्र संपली नाही. ती कमी दाबाच्या, तापलेल्या मोटरींच्या व ऐन हंगामात जळणाऱ्या रोहित्रांच्या रूपाने एकाच रोहित्रावरील सर्व शेतकऱ्यांना वाटून घ्यावी लागते. धारित्राचा खर्च एकाचा आणि लाभ सर्वांचा, अशी ही स्थिती आहे. एकट्याने ते बसविले तरी शेजाऱ्यांच्या पंपांमुळे दाब उतरलेलाच राहतो. महावितरण रब्बी हंगामात धारित्रे बसविण्याचे आवाहन करते, ते याच कारणासाठी.

फैजपूरच्या मागणीचा आशय दर उतरल्याने पुष्कळ अंशी साध्य झाला. परंतु दरातून वगळलेला भार तारेतून वगळला जात नाही, हे या इतिहासाचे तात्पर्य होय. म्हणून मोफत विजेच्या काळात धारित्र हे ग्राहकाच्या काटकसरीचे साधन न मानता रोहित्राइतकेच सार्वजनिक यंत्रणेचे अंग मानणे अधिक सयुक्तिक ठरेल.